खळ्यामळ्यातल्या भेटी : एक कविता आणि गावाचं दप्तर

आठवीच्या इतिहासात प्लेग येतो तो पुण्याचा. रँड, घराघरांत शिरणारी तपासणी पथकं, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली रात्र, चापेकर बंधू. खरं तर तो धडा प्लेगचा नसतोच, क्रांतिकारकांचा असतो. प्लेग तिथं निमित्तापुरता. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या मुलामुलींना रँडचं नाव पाठ असतं. पण त्या सुमारास आणि पुढंही कितीतरी वर्षं या भागातली माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत होती, हे त्यांच्या कानावर आलेलं नसतं. आपल्या गावात इतिहास घडलाच नाही, तो पुण्या-मुंबईकडे घडतो, अशी समजूत नववीपर्यंत पक्की झालेली असते.

इतिहासाच्या पुस्तकानं वगळलेला हा प्लेग मराठीच्या तासाला मात्र हाताशी आहे. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत ‘पिलोक’ हे अगदी छोटं गाणं आहे. पिलोक म्हणजे प्लेग.

पिलोक पिलोक
आल्या पिलोकाच्या गाठी
उजाडलं गांव
खयामयामधी भेटी

बहिणाबाईंची ‘संसार’ आणि ‘मन’ ही गाणी मुलांना तोंडपाठ असतात, कारण ती पाठ्यपुस्तकांतून, सुविचारांच्या फळ्यांवरून, निरोप समारंभाच्या भाषणांतून सारखी भेटतात. ‘पिलोक’ मागं राहिलं. त्यात सुविचार काढण्याजोगं काही नाही, म्हणूनच मला ते वर्गासाठी फार मोलाचं वाटतं. एका माणसानं एका गावात काय पाहिलं एवढंच ते सांगतं, आणि जे सांगतं ते पडताळून पाहता येतं.

प्रादेशिक साहित्य आणि स्थानिक इतिहास एकत्र शिकवायचे म्हणजे सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. मराठीच्या तासाला कवितेआधी पाच मिनिटं ‘पार्श्वभूमी’ सांगून टाकतात, किंवा इतिहासाच्या तासाला कवितेची एखादी ओळ तोंडी लावायला घेतात. दोन्ही वेळा एक विषय दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. या दोघांची खरी गाठ पडते ती कवितेनं गावाच्या दप्तराला, म्हणजे जुन्या नोंदींच्या कागदांना, प्रश्न विचारला आणि दप्तरानं कवितेची उलटतपासणी घेतली तरच. त्यासाठी कविता नीट निवडावी लागते आणि दप्तर आधी मिळवावं लागतं.

निवडीचं बोलायचं तर कवितेत जागा हवी. शेत, रस्ता, खळं, नदी असं बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी तिच्यात असावं. ती ज्या घटनेबद्दल बोलते त्या घटनेची नोंद सरकारनं, शाळेनं किंवा देवस्थाननं कुठंतरी केलेली असण्याची शक्यता असावी. आणि ती छोटी असावी, कारण एकाच तासात तीन-चार वेळा मोठ्यानं वाचून व्हायला हवी. ‘मन वढाय वढाय’ कितीही थोर असली तरी या कामाची नाही. मनाची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होत नाही.

दप्तर मिळवायला किमान महिनाभर आधी लागावं. शोधायचे कागद दोन. पहिला शाळेतच असतो: जनरल रजिस्टर. खानदेशातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळा शंभर-दीडशे वर्षांच्या आहेत. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. त्याआधी या शाळा लोकल बोर्डाच्या, पुढं जिल्हा स्कूल बोर्डाच्या होत्या, आणि जुनी रजिस्टरं कपाटाच्या तळाशी लाल कापडात बांधलेली सापडतात. त्यात दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा असे रकाने असतात. शाळा माध्यमिक असेल तर तिचं स्वतःचं रजिस्टर एवढं जुनं नसणार. मग गावातल्या मूळ मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जावं. दुसरा कागद म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी लोक याचीच नक्कल काढतात, त्यामुळं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्याची मागणी नवी नसते. मुख्याध्यापकांचं पत्र, गावाचं नाव आणि हवी ती वर्षं लिहून अर्ज द्यावा. वर्षं मोघम लिहिली की अर्ज पडून राहतो. ‘१८९६ ते १९०४’ असं नेमकं लिहिलं की शोधणाऱ्यालाही सोपं जातं. कागद कडांना मोडत असेल तर छायाप्रतीचा हट्ट धरू नये, परवानगी घेऊन मोबाईलवर फोटो काढावा, तोही खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता.

अडचण येते ती मोडीची. या काळातलं कोतवाल बुक बहुधा मोडीत असतं. मुलांना मोडी शिकवत बसायचं नाही. त्याला वर्ष जाईल. तालुक्यात मोडी वाचणारं कुणीतरी असतं, दाखल्यांच्या कामामुळं तर आता नक्कीच असतं. राज्य पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्गही होतात, त्यातून शिकलेले तरुण भेटतात. त्यांच्याकडून रोजच्या वापराचे पंधरा-वीस शब्द काढून घ्यावेत: महिन्यांची नावं, पुरुष, स्त्री, वर्षे, ताप, पटकी (कॉलरा), देवी, खोकला. एवढ्या शब्दांचा तक्ता वर्गात लावला की नोंदीतला निम्मा भाग मुलं स्वतः ओळखू लागतात. उरलेलं देवनागरीत उतरवून आणावं.

जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदीत इंग्रजी तारखा मिळतात. पण वंशावळी, देवळातले शिलालेख, घरगुती वह्या यांत शालिवाहन शकातली सालं असतात. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं. पौषाचा उत्तरार्ध, माघ आणि फाल्गुन हे जानेवारीनंतर येतात, तेव्हा ७९ मिळवायचे, हे विसरतात. शके १८१९ चा चैत्र १८९७ मधला, पण त्याच शकाचा फाल्गुन १८९८ मधला. प्लेग जोर धरतो तो थंडीत, म्हणजे नेमका याच जोडावर, त्यामुळं ही चूक झाली की अख्खी लाट एक वर्ष मागं सरकते.

छायाप्रती काढण्याआधी एक काम न चुकता करायचं. नाव आणि जात या रकान्यांवर कागदाची पट्टी ठेवूनच प्रत काढायची. गाव तेच आहे, आडनावं तीच आहेत, आणि त्या माणसांचे खापरपणतू याच बाकांवर बसलेले आहेत. कोणत्या घरात कोण कशानं गेलं, कोणत्या आळीत आधी रोग आला, याची चर्चा वर्गात सुरू झाली की ती संध्याकाळी पारावर पोचते. मुलांना लागतो तो महिना, वय, पुरुष की स्त्री आणि नोंदवलेलं कारण. बाकी शिक्षकाच्या कपाटात राहू द्यावं.

आता तास. नववीच्या वर्गाला सगळं मिळून सात तास लागतात, मराठी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी वाटून घेतलेले, तीन आठवड्यांत पसरलेले. एकच शिक्षक दोन्ही विषय शिकवत असेल तर सोपं. दोघं असतील तर निदान पहिल्या आणि पाचव्या तासाला दोघांनीही वर्गात असावं.

पहिल्या तासाला पार्श्वभूमी सांगायची नाही. पिलोक म्हणजे काय हेही नाही. गाणं फळ्यावर लिहायचं आणि तीन वेळा मोठ्यानं म्हणायचं, एकदा शिक्षकानं आणि दोनदा ज्यांच्या घरात ही बोली आहे अशा मुलांनी. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया. म्हणून खळामळा झाला खयामया. हे शिक्षकानं सांगण्याऐवजी रावेर-यावलकडच्या मुलांना विचारावं. ज्या उच्चाराबद्दल चौथीपर्यंत बोलणी खाल्ली, त्यावर आज वर्ग आपल्याकडे बघतोय, हा बदल त्यांना लगेच जाणवतो. अमळनेर-पारोळ्याकडची अहिराणी बोलणारी मुलं वेगळं काहीतरी सांगतील, तेही फळ्यावर घ्यावं. बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हणून सांगितली जाते. दोन्ही घरची मुलं एका वर्गात असली की फरक त्यांच्याच तोंडून निघतो.

‘उजाडलं गांव’ इथं हमखास चूक होते. प्रमाण मराठी वाचणाऱ्या मुलाला वाटतं, गावात सकाळ झाली. मग सगळं कडवं आशेचं होऊन बसतं: रोग गेला, पहाट झाली, लोक खळ्यात भेटू लागले! ही चूक लगेच दुरुस्त करायची नाही. त्या अर्थानं पुढच्या ओळी वाचायला लावायच्या. ‘भाईर झोपड्या, गांवामधी मसनवटी’ इथवर आलं की त्या पहाटेचा मेळ बसत नाही आणि कुणीतरी ‘उजाड’ म्हणतंच. कवितेतला पुरावा पुढच्या ओळीत शोधायचा असतो, ही सवय इथं लागते, आणि हीच सवय चौथ्या तासाला रजिस्टर वाचताना कामी येते.

दुसरा तास नकाशाचा. तलाठ्याकडून गावनकाशा मिळतो. नाहीच मिळाला तर मुलांनी गावठाणाची हद्द पावलांनी मोजून कच्चा नकाशा काढावा. त्यावर चार गोष्टी दाखवायच्या: वस्ती, जुनी खळी, मळे आणि स्मशान. खळ्याचं मुलांना समजावून सांगावंच लागतं. मळणी यंत्र आणि हार्वेस्टर पाहिलेल्या मुलांना, गावठाणाच्या कडेला जमीन चोपून, शेणानं सारवून, मधोमध मेढ रोवून बैलांची पात फिरवायची जागा डोळ्यांसमोर येत नाही. ज्वारीची मळणी, उपणणी, राखण असं थंडीतलं सगळं काम खळ्यावर चाले. रात्रीही माणूस तिथं झोपे. त्यामुळं गाव सोडायची वेळ आली तेव्हा खळं हे ओळखीचं, वावर असलेलं ठिकाण होतं.

नकाशा पुरा झाला की कवितेतली मांडणी उलटी दिसते. रोज माणसं गावात राहतात आणि स्मशान शिवेबाहेर असतं. गाण्यात माणसं बाहेर, झोपड्यांत, आणि मसनवटी गावामध्ये. बहिणाबाईंनी ‘भयंकर’, ‘दुःखद’ असा एकही शब्द न घालता दोन जागांची अदलाबदल केली आणि संपूर्ण साथ दोन ओळींत उभी केली. नकाशावर बोट ठेवून हे दाखवलं की रसग्रहण वेगळं शिकवावं लागत नाही. आणि ‘भेटी’ या शब्दाकडे परत या. गावातली भेट बंद झाली. भेट उरली ती शेतात, खळ्यावर, अंतर राखून. याच गाण्यात पुढं भेटीगाठींवर पुन्हा प्रश्न येतो आणि गाठ हा शब्द काखेतल्या गाठीपर्यंत जातो. या शब्दावर वर्ग दहा मिनिटं थांबला तरी चालेल.

तिसऱ्या तासाला इतिहास, आणि तोही पंधरा मिनिटांत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं निदान केलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. रोग्याला वेगळं ठेवणं, प्रवाशांना अडवणं, रेल्वे स्थानकावर तपासणी, घरं रिकामी करून धुणं, असे अधिकार सरकारनं हाती घेतले. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. हाफकिनची लस जानेवारी १८९७ मध्ये तयार होती, पण रोग उंदराच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे गाव सोडून शेतात जाणाऱ्या माणसांना पिसवांचं शास्त्र माहीत नव्हतं, तरी त्यांनी केलं ते बरोबर होतं: मेलेले उंदीर आणि उपाशी पिसवा घरात राहिल्या, माणसं लांब गेली. कडक उन्हाळ्यात साथ ओसरे, कारण कोरड्या उष्म्यात पिसवा तगत नाहीत. पुढच्या पंचवीसेक वर्षांत देशात सुमारे १ कोटी माणसं या रोगानं दगावली.

एवढ्यावर थांबायचं. रँडवर पुन्हा तास खर्च केला तर वर्ग खानदेशातून उठून पुण्याला जातो आणि परत येत नाही.

चौथा तास दप्तराचा. साधारण १,५०० वस्तीचं गाव धरलं आणि त्या काळी हजारी ३० ते ४० मृत्यू धरले तर वर्षाला ४५ ते ६० नोंदी येतात. पाच वर्षांच्या अडीचशे-तीनशे. चाळीस मुलांचे चौघाचौघांचे दहा गट केले तर गटाला तीसेक नोंदी. एका तासात मोजून होतात. प्रत्येक गटानं एकच तक्ता भरायचा: आडवे बारा महिने, उभे वयोगट, शून्य ते पाच, पाच ते वीस, वीस ते चाळीस, चाळीसच्या पुढं. एकानं वाचायचं, एकानं रेघ मारायची, दोघांनी पडताळायचं. शेवटी दहाही तक्ते फळ्यावर एकत्र मांडले की महिनावार आलेख उभा राहतो.

इथं तीन ठिकाणी घसरतं. एक, ‘प्लेग’ हा शब्द नोंदीत अपेक्षेपेक्षा फार कमी सापडतो किंवा सापडतच नाही, आणि वर्ग हिरमुसतो: आपल्या गावात प्लेग नव्हताच तर! मग त्यांना ‘ताप’ मोजायला लावावा. त्या काळच्या मृत्यूनोंदीत ताप हे सगळं सामावून घेणारं कारण होतं. त्यात प्लेग सांगितला की घरातली माणसं उचलून छावणीत नेणार, घर उघडं पडणार, ही भीती होती. रोग लपवण्याकडे लोकांचा कल होता हे सरकारी अहवालांतही येतं. एका हिवाळ्यात तरण्या वयातले ‘ताप’ अचानक दुप्पट-तिप्पट झाले असतील तर तो प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण तो प्लेगच होता असं लिहायचं नाही. ‘नोंद ताप म्हणते, हंगाम आणि वय वेगळं सुचवतात’ एवढंच लिहायचं. हिवताप आहे, दुष्काळानंतरचा अशक्तपणा आहे. सगळ्या शक्यता उघड्या ठेवायच्या.

दोन, वर्षं वाढवून घेतली असतील तर सगळ्यात उंच शिखर बहुधा १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसतं आणि मुलं त्यावर उत्साहानं ‘पिलोक’ लिहून मोकळी होतात. ती इन्फ्लुएंझाची साथ. दोन्हींत फरक करायला आलेखाचा आकार पुरतो. इन्फ्लुएंझाचं शिखर सहा-आठ आठवड्यांत चढून उतरतं आणि त्या वर्षापुरतंच असतं. प्लेग काही वर्षं थंडीत परत परत येतो. तसंच १८९९-१९०० चा मृत्यूंचा डोंगर हा छप्पनच्या (विक्रम संवत १९५६ च्या) दुष्काळाचा आणि त्यामागून आलेल्या पटकीचा असू शकतो.

तिसरी घसरण शिक्षकांची. कवितेला साल चिकटवायचा मोह. फळ्यावर ‘बहिणाबाई, १८९७’ असं लिहिलं की वर्गाला हायसं वाटतं, पण ते खोटं आहे. बहिणाबाई १८८० साली असोद्यात जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या, १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली, आणि अत्र्यांच्या पुढाकारानं ती १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. ‘पिलोक’ कोणत्या साथीत सुचलं, लगेच की वर्षांनंतर, हे गाणं सांगत नाही. प्लेग त्यांच्या घरातही शिरला होता. थोरला ओंकार त्यानं कायमचा अधू झाला. म्हणजे गाणं साक्षीदाराचं आहे, पण साक्ष तारखेची नाही. हा फरक नववीच्या मुलाला समजतो. दहावीच्या इतिहासात इतिहासलेखनाचा धडा येतो तेव्हा लिखित आणि मौखिक साधनांची व्याख्या पाठ करण्याऐवजी त्याला हे गाणं आठवावं, एवढी माझी अपेक्षा आहे.

पाचव्या तासाला दोन्ही साधनं समोरासमोर ठेवायची. गाणं म्हणतं, गाव उजाड झालं. शाळेच्या रजिस्टरात त्या महिन्यांत नवीन नावं दाखल झाली आहेत का? नसतील तर गाण्याला आधार. असतील तर मग गाव किती उजाड होतं, अर्धं की एखादी आळी? शाळा सोडण्याच्या रकान्यात काय लिहिलंय? कोरा आहे का? कोरा रकाना म्हणजे घटना घडली नाही असं नव्हे, आणि घडली असंही नव्हे. आणि एक प्रश्न असा की जो कविताही विचारत नाही आणि दप्तरही: खळी-मळे ज्यांचे होते ते खळ्यामळ्यात गेले; ज्यांना शेतच नव्हतं ते कुठं गेले?

हा प्रश्न वर्गात टाकायला धीर लागतो, कारण उत्तर जातीपाशी जातं. तरी तो टाकावा, कुटुंबांची नावं न घेता. गाणं शेतकरी घरातल्या बाईचं आहे, तिच्या नजरेच्या टप्प्यातलं गाव त्यात आहे. हे म्हटल्यानं गाण्याचं मोल कमी होत नाही. उलट दुसऱ्या कुणाचं गाणं, कुणाची आठवण मिळते का, हे शोधायला कारण मिळतं. तडवी, बंजारा, पावरा घरांतली मुलं वर्गात असतात. त्यांच्या आज्यांच्या गाण्यांत साथीचं, मरीआईचं काही येतं का ते त्यांनी पाहावं. तेही प्रादेशिक साहित्यच आहे, छापलेलं नसलं तरी.

दुसऱ्या भागात हीच पद्धत वेगळ्या जोडीवर चालते. वाळवा तालुक्यात अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घ्यावी आणि तिच्याशेजारी १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा ठेवावा, ज्याखाली माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. अण्णाभाऊंचं वाटेगाव तिथंच आहे. तिथं दप्तर पोलीस पाटलाच्या बाजूचं असेल, प्रश्न वेगळे असतील. कादंबरी मोठी असल्यानं एकच प्रकरण घ्यावं.

सहावा तास घरच्या विचारपुशीचा, म्हणजे मुलांनी आधीच्या आठवड्यात आणलेल्या उत्तरांचा. तेव्हाचा प्लेग पाहिलेलं कुणी आज हयात नाही. नव्वदीतल्या आजीला आठवेल ते तिच्या सासूनं सांगितलेलं. म्हणून ‘प्लेगबद्दल सांगा’ असं विचारलं की उत्तर येतं ते कोरोनाचं. प्रश्न जागेबद्दल विचारावा: गावाबाहेर झोपड्या कुठं पडायच्या? आपलं खळं कुठं होतं? मरीआईचं ठाणं शिवेवर कधीपासून आहे? कुठल्या शेताला वेगळं नाव आहे आणि ते का? उत्तर लिहिताना तीन गोष्टी लिहायच्या: कोणी सांगितलं (नातं, नाव नाही), त्यांनी कोणाकडून ऐकलं, आणि शब्द जसेच्या तसे. मुलं सवयीनं ‘शुद्ध’ करून आणतात. ‘खयं’ चं ‘खळे’ होतं आणि साक्ष फिकी पडते. आधीच ताकीद द्यावी.

कोरोनाची तुलना मुद्दाम इथवर थोपवून धरायची. मुलं ती पहिल्याच दिवशी करतात, आणि तेव्हा करू दिली की गाणं बाजूला राहून सगळे टाळेबंदीचे निबंध लिहितात. सहाव्या तासाला मात्र ती कामाची होते, कारण आता त्यांच्याकडे तुलना करायला ऐवज असतो. मार्च २०२० मध्ये राज्यानं जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. त्या वेळी शहरातली माणसं गावाकडे आली. प्लेगात गावातली माणसं शेतात गेली. २०२० मध्येही शाळांच्या आणि समाजमंदिरांच्या खोल्यांत माणसं वेगळी ठेवली होती. आपल्या शाळेच्या रजिस्टरात २०२० ची नोंद काय आहे, हे मुलांनी पाहावं. शंभर वर्षांनी कुणी ते उघडलं तर त्याला काय कळेल?

सातव्या तासाला लिहायचं, दीडशे शब्द, वर्गातच. प्रश्न असा: ‘भाईर झोपड्या’ या ओळीला आपल्या तक्त्यातली कोणती नोंद आधार देते आणि कोणती देत नाही? पाच गुणांत दोन ओळीचा नेमका अर्थ सांगण्याला, दोन तक्त्यातला आकडा महिन्यासह देण्याला आणि एक गुण ‘हे आपल्याला कळत नाही’ असं जागा दाखवून लिहिण्याला. हा शेवटचा गुण सगळ्यात कमी मुलांना मिळतो. ‘कवयित्रीने प्लेगचे विदारक चित्र रेखाटले आहे’ या वाक्याला शून्य, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवावं. मार्गदर्शकातून आलेलं हे वाक्य प्रत्येक वर्गात पाच-सात वह्यांत असतंच. मराठीच्या २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात हे काम बसवता येतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.

दप्तर मिळालंच नाही तर? काही तालुक्यांत त्या वर्षांची बुकं उरलेली नाहीत. वाळवी, पाणी, कार्यालयांची स्थलांतरं. तेव्हा शाळेचं रजिस्टर एकटं वापरावं, तेही नसेल तर जनगणनेचे तालुक्याचे आकडे आणि जुनं गॅझेटियर. खानदेशचं गॅझेटियर १८८० चं आहे, म्हणजे प्लेगच्या आधीचं. त्यात साथ नाही, पण साथीआधीचा तालुका आहे: पिकं, बाजार, रस्ते. पूर्व आणि पश्चिम खानदेश १९०६ साली वेगळे झाले. १९०१ आणि १९११ चे आकडे ताडताना जिल्ह्याची हद्द बदललेली असते हे लक्षात ठेवावं, नाहीतर लोकसंख्या एकदम घटलेली दिसते आणि वर्ग ते प्लेगच्या नावावर टाकतो.

सात तास संपल्यावर तक्ते, नकाशा आणि विचारपुशीचे कागद एका फाइलीत लावून शाळेच्या दप्तरात ठेवावेत. कोणती वर्षं मोजली, कोणती पानं वाचता आली नाहीत, मोडी कुठं अडली, हे पहिल्या पानावर लिहावं. पुढच्या वर्षीच्या नववीला गाणं तेच द्यायचं आणि वर्षं मात्र न मोजलेली, १९०५ पासून पुढची.